बायसनच्या मुलखातील नायक

उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. पूर्वेस मिसिसिपी नदी आणि पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा यांच्या दरम्यान हा प्रदेश पसरलेला आहे. तेथे पाऊस बेताचा आणि झाडी विरळ. हिवाळ्यात हिमवादळे, तर उन्हाळ्यात रखरखीत ऊन. गवत मात्र अमाप. दोनशे वर्षांपूर्वी या गवतावर बायसन नावाच्या रानटी पशूंचे प्रचंड कळप चरत असत. आपल्या राधानगरीच्या जंगलात आढळणाऱ्या गव्याला इंग्रजीत ‘इंडियन बायसन’ म्हणतात; परंतु अमेरिकेतील बायसन हा निराळा प्राणी, गव्याचा लांबचा भाऊबंद होय. त्याच्या खांद्यावर मोठे वशिंड असते, डोके व छाती दाट लोकरीने झाकलेली असते आणि शिंगे आखूड व बाकदार असतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन नऊशे किलोग्रॅमपर्यंत भरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे सुमारे तीन कोटी किंवा त्याहूनही अधिक पशू या खंडात असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कळप धावू लागला म्हणजे धरणी हादरे आणि धुळीच्या लोटांनी क्षितिज झाकून जाई.

या मैदानांत लाकोटा, नाकोटा आणि डाकोटा हे लोक राहत असत. ही तीन नावे निरनिराळी वाटली, तरी हे लोक एकमेकांचे आप्तच होते. त्यांच्या भाषेत या शब्दांचा अर्थ मित्र किंवा सोबती असा होतो. परके लोक त्या सर्वांना मिळून ‘सू’ म्हणत. त्यांपैकी लाकोटा हे सर्वांत पश्चिमेकडचे. त्यांचे सारे जीवन घोडा आणि बायसन या दोन प्राण्यांवर उभे होते. याच लाकोटांच्या हुंकपापा नावाच्या शाखेत १८३१ च्या सुमारास एका मुलाचा जन्म झाला. हाच मुलगा पुढे सिटिंग बुल या नावाने जगाला ठाऊक झाला. आजच्या साउथ डाकोटा राज्यातील ग्रँड नदीचा परिसर हे त्याचे जन्मस्थान होय, असे सामान्यतः मानले जाते.

लहानपणी हा मुलगा कोणतीही गोष्ट घाईने करीत नसे. हाती दिलेला पदार्थही तो आधी निरखून पाही आणि मगच तोंडात घाली. म्हणून घरची माणसे त्याला कौतुकाने ‘मंद’ या अर्थाच्या नावाने हाक मारीत. परंतु हा मंदपणा आळसाचा नव्हता, विचारी स्वभावाचा होता. घोड्यावर बसणे, तिरंदाजी, पावलांचे ठसे ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहून शिकारीजवळ जाणे या विद्या तो वडीलधाऱ्यांच्या सहवासात शिकला. लाकोटा मुलांची शाळा अशी उघड्या आकाशाखालीच भरत असे.

त्या शाळेतील सर्वांत मोठा पाठ बायसनचा होता. बायसन म्हणजे लाकोटांचे अन्न, वस्त्र आणि निवारा. त्याचे मांस ते ताजे खात, उरलेले पातळ काप करून उन्हात वाळवीत. वाळलेले मांस कुटून त्यात चरबी व रानफळे मिसळली म्हणजे महिनोन्महिने टिकणारे खाद्य तयार होई. प्रवासात आणि हिवाळ्यात त्याचाच आधार असे. दहा-पंधरा कातडी एकत्र शिवली की त्यांचा शंकूच्या आकाराचा एक तंबू होई. या तंबूला टिपी म्हणत. टिपी शिवण्याचे, उभारण्याचे आणि उतरवण्याचे काम स्त्रिया करीत, आणि टिपीवर मालकीही त्यांचीच असे. केसांसकट कमावलेली कातडी थंडीत पांघरण्यास व अंथरण्यास उपयोगी पडत. नराच्या मानेचे जाड कातडे आटवून कठीण केले की त्याची ढाल बने. बाण तिच्यात सहसा शिरत नसे.

या पशूचा एकही अवयव ते वाया जाऊ देत नसत. स्नायूंच्या तातीपासून शिवणाचा दोरा आणि धनुष्याची दोरी तयार होई. शिंगांच्या पळ्या व पेले, हाडांच्या सुया आणि कातडे खरवडण्याची हत्यारे, लोकरीचे दोर, शेपटीची माशा वारण्याची चवरी, खुरांचा सरस अशा कितीतरी वस्तू ते बनवीत. बायसनच्या मेंदूचा उपयोगही कातडे कमावण्यासाठी होई. जठराची पिशवी चार काठ्यांना टांगून तीत पाणी भरीत आणि आगीत तापवलेले दगड त्या पाण्यात टाकून मांस शिजवीत. जळणाला लाकूड मिळत नसे, तेव्हा बायसनचे वाळलेले शेण गोवऱ्यांप्रमाणे जाळीत. एवढेच नव्हे, तर त्यांचा इतिहासही बायसनच्या कातड्यावरच लिहिला जाई. दर वर्षी घडलेल्या एका मुख्य घटनेचे चित्र कातड्यावर काढून ठेवण्याची त्यांची रीत होती. त्या चित्रांकडे पाहून म्हातारी माणसे गतवर्षांची हकीकत मुलांना सांगत.

जो पशू इतके देतो, त्याला लाकोटा केवळ पशू समजत नसत. तो त्यांचा थोरला आप्त होता. एका पांढऱ्या बायसन-वासराचे रूप घेऊ शकणाऱ्या देवीने आपल्या पूर्वजांना पवित्र चिलीम दिली आणि प्रार्थनेची रीत शिकवली, अशी त्यांची श्रद्धा होती व आजही आहे. शिकारीचेही कडक नियम असत. सामुदायिक शिकारीपूर्वी कोणी एकट्याने पुढे जाऊन कळप उधळला, तर छावणीची शिस्त राखणारे पहारेकरी त्याला कठोर शिक्षा करीत. एकाच्या हावेमुळे सर्व छावणी उपाशी राहण्याचा धोका होता, हे त्यामागचे कारण होय. शिकार झाल्यावर म्हातारी माणसे, विधवा आणि ज्यांच्या घरी शिकारी नाही अशी कुटुंबे यांना मांस पोहोचवणे हे भूषण मानले जाई.

दहा वर्षांचा असताना या मुलाने आपली पहिली बायसनची शिकार केली. ते मांस त्याने स्वतःच्या घरी न ठेवता गरजूंना देऊन टाकले, असे सांगतात. पुढे चौदाव्या वर्षी शेजारच्या क्रो जमातीशी झालेल्या चकमकीत त्याने मोठे धाडस केले. तो घोडा फेकीत शत्रूच्या अगदी जवळ गेला आणि आपल्या काठीने त्याने शत्रूला स्पर्श केला. शत्रूला मारण्यापेक्षा जिवंतपणी त्याला असे शिवून येणे हे लाकोटांत अधिक शौर्याचे समजत. वडिलांना धन्यता वाटली. त्यांनी मुलाच्या केसांत गरुडाचे पीस खोवले, त्याला ढाल दिली आणि आपले स्वतःचे नावही देऊन टाकले. ते नाव होते तातांका इयोताके. तातांका म्हणजे बायसनचा नर. बायसनचा नर एकदा ठाण मांडून बसला की तो कोणाला हटत नाही, असा या नावाचा भाव होता. त्याचेच इंग्रजी भाषांतर सिटिंग बुल असे झाले. वडिलांनी स्वतःसाठी दुसरे नाव घेतले.

तरुणपणी सिटिंग बुल शूर योद्धा म्हणून पुढे आला. परंतु त्याचा लौकिक केवळ शौर्याचा नव्हता. तो गाणी रचून गात असे, प्रार्थनेत रमत असे आणि दानात कधी हात आखडत नसे. लाकोटांमध्ये नायकाचे मोठेपण त्याच्या संपत्तीवर मोजत नसत. त्याने किती दिले, यावर मोजत. म्हणूनच लोक त्याच्याभोवती जमू लागले.

त्याच सुमारास पूर्वेकडून गोऱ्या वसाहतवाल्यांचे तांडे येऊ लागले. त्यांच्यामागून सैन्य आले, किल्ले उभे राहिले. १८६८ साली फोर्ट लॅरमी येथे अमेरिकेच्या सरकारने लाकोटांशी तह केला. आजच्या साउथ डाकोटा राज्याचा पश्चिमेकडील सारा भाग, त्यातील पवित्र ब्लॅक हिल्स डोंगरांसह, लाकोटांसाठी कायम राखून ठेवण्याचे वचन त्यात होते. त्याबाहेरच्या काही प्रदेशांत बायसन पुरेशा संख्येने असतील तोवर शिकार करण्याची मुभाही होती. या शेवटच्या अटीत केवढा धोका दडला आहे, हे पुढे दिसणार होते. कित्येक नायकांनी तहावर सही केली. सिटिंग बुलने केली नाही. सरकारी शिधा घेऊन एका जागी बसण्यापेक्षा कळपांमागे हिंडत स्वतंत्र राहणे त्याला प्रिय होते. तह न मानणाऱ्या सर्व टोळ्यांनी लवकरच त्याला आपला प्रमुख मानले.

१८७२ सालची एक गोष्ट त्याच्या स्वभावाची साक्ष देते. यलोस्टोन नदीच्या खोऱ्यात लोहमार्गासाठी मोजणी चालू होती आणि मोजणीदारांच्या रक्षणासाठी सैनिक आले होते. दोन्ही बाजूंनी गोळ्यांचा वर्षाव होत असताना सिटिंग बुल आपली चिलीम घेऊन उठला. चार सोबत्यांसह तो सैनिकांच्या माऱ्याच्या टप्प्यात जाऊन शांतपणे खाली बसला. आजूबाजूला गोळ्या धूळ उडवीत होत्या. त्याने चिलीम पेटवली, ओढली, सोबत्यांना दिली. विझल्यावर ती नीट साफ केली आणि मग तो सावकाश चालत परत आला. बालपणीचा ‘मंद’ मुलगा आपल्या नावास जागला.

परंतु सैनिकांच्या गोळ्यांहून मोठे संकट निराळेच होते. १८६९ साली अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला होता, आणि बायसनचे कळप त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस असे दुभंगले होते. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कच्च्या कातड्यापासून कारखान्यांतील यंत्रांचे पट्टे करण्याजोगे चामडे बनवण्याची युक्ती सापडली. मग काय विचारता! लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन धंदेवाईक शिकारी मैदानांत उतरले. एकेक जण दिवसाला कित्येक पशू लोळवी. कातडे सोलून घेत आणि मांस जागच्या जागी कुजू देत. ज्या पशूच्या खुरांचाही लाकोटा उपयोग करीत, त्याची प्रेतेच्या प्रेते मैदानांत पडू लागली. कळप संपले की या जमाती आपोआप शरण येतील, असे कित्येक अधिकाऱ्यांना वाटत होते. बायसनच्या रक्षणासाठी १८७४ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिसभांनी एक विधेयक संमत केले. परंतु राष्ट्राध्यक्ष ग्रँट याने त्यावर सही केली नाही.

त्याच वर्षी ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडल्याची बातमी फुटली. हजारो लोक तहाचे वचन तुडवीत त्या पवित्र डोंगरांत घुसले. सरकारने डोंगर विकत मागितले. लाकोटांनी नकार दिला. तेव्हा ३१ जानेवारी १८७६ पूर्वी सर्व स्वतंत्र टोळ्यांनी सरकारी ठाण्यांवर हजर व्हावे, नाही तर त्यांना शत्रू समजले जाईल, असा हुकूम निघाला. ऐन हिवाळ्यात बर्फातून मुलाबाळांसह इतक्या दूर जाणे शक्य नव्हते, आणि सिटिंग बुलला तर जायचेच नव्हते.

त्या वर्षी जून महिन्यात लाकोटा आणि त्यांचे मित्र शायेन यांची मोठी छावणी पडली. तेथे सूर्यनृत्याचा विधी झाला. बायसनची कवटी समोर ठेवून, उपवास करून, स्वतःच्या देहाला क्लेश देऊन सर्व लोकांच्या कल्याणासाठी प्रार्थना करण्याचा हा विधी असे. सिटिंग बुलने आपल्या दोन्ही दंडांवरील मांसाचे लहान लहान तुकडे अर्पण केले आणि तो दीर्घ काळ नाचत राहिला. त्या अवस्थेत त्याला एक दर्शन झाले. सैनिक आकाशातून उलटे होऊन आपल्या छावणीत पडत आहेत, असे त्याने पाहिले. लोकांना धीर आला.

२५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या छावणीवर कस्टर नावाच्या अधिकाऱ्याने हल्ला केला. सिटिंग बुल तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. रणात पुढे होते ते क्रेझी हॉर्स, गॉल असे वीर; सिटिंग बुलने स्त्रिया व मुले यांच्या रक्षणाकडे लक्ष दिले. कस्टर आणि त्याच्याबरोबरचे दोनशेहून अधिक सैनिक त्या दिवशी मारले गेले. मैदानांवरील जमातींनी अमेरिकेच्या सैन्यावर मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय होता.

परंतु विजयानंतर इतकी मोठी छावणी एकत्र राहू शकली नाही. हजारो माणसांना लागणारे मांस आणि हजारो घोड्यांना लागणारे गवत एका ठिकाणी मिळणे अशक्य होते. टोळ्या पांगल्या. सैन्याने त्यांचा पिच्छा पुरवला, तंबू जाळले, साठवलेले मांस नष्ट केले. एकामागून एक टोळी शरण गेली. १८७७ साली सरकारने ब्लॅक हिल्स आपल्या ताब्यात घेतले. सिटिंग बुल मात्र शरण गेला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या लोकांसह सरहद्द ओलांडून तो कॅनडात शिरला. तेथे तेव्हा राणी व्हिक्टोरियाचा अंमल होता. तेथील पोलीस अधिकारी वॉल्श आणि सिटिंग बुल यांच्यात परस्परांविषयी आदर निर्माण झाला. अमेरिकेच्या सरकारने परत बोलावण्यासाठी शिष्टमंडळ पाठवले. सिटिंग बुलने त्याला नकार देऊन परत पाठवले.

चार वर्षे तो कॅनडात राहिला. कोणत्याही सैन्याने त्याचा पराभव केला नाही. परंतु भुकेपुढे त्याचा इलाज चालेना. सरहद्दीपलीकडेही बायसनचे कळप विरळ होत चालले होते. शिकारी दिवसेंदिवस हिंडत आणि रिकाम्या हाताने परतत. कॅनडाचे सरकार शिधा देण्यास तयार नव्हते. घोडे मेले, पोरे हाडकली, टिप्यांची कातडी फाटली तरी नवी मिळेनात. एकेक कुटुंब त्याचा निरोप घेऊन दक्षिणेस शरण जाऊ लागले. ज्याने आयुष्यभर उपाशी माणसाच्या दारी मांस पोहोचवले, त्याच्याच छावणीत आता मुलांना देण्यास काही उरले नाही. स्वतःच्या स्वाभिमानासाठी तो कदाचित उपाशी राहिलाही असता. परंतु मुलांना उपाशी मारणे त्याला शक्य नव्हते. अखेर जुलै १८८१ मध्ये दोनशेहूनही कमी माणसांसह तो फोर्ट ब्यूफोर्ड येथे आला. आपली बंदूक त्याने स्वतः न देता लहान मुलगा क्रो फूट याच्या हातून अधिकाऱ्याकडे दिली. आपल्या जमातीत सर्वांत शेवटी बंदूक खाली ठेवणारा मनुष्य म्हणून आपले स्मरण राहावे, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली.

सरकारने त्याला सुमारे दोन वर्षे कैदेत ठेवले आणि १८८३ साली स्टँडिंग रॉक या राखीव मुलखात पाठवले. त्याच वर्षी उत्तरेकडचा शेवटचा मोठा कळपही संपला. एका पिढीपूर्वी कोट्यवधी असलेल्या बायसनांपैकी आता हजारभरही उरले नव्हते. मैदानांत हाडांचे ढीग तेवढे दिसत. ती हाडेही गोळा करून आगगाडीने खतासाठी पाठवली जात.

१८८५ साली एका खेळ करणाऱ्या मंडळीबरोबर सिटिंग बुल चार महिने अमेरिकेतील शहरांत हिंडला. तेथे त्याने मोठमोठ्या इमारती पाहिल्या आणि त्यांच्या सावलीत भीक मागणारी अनाथ मुलेही पाहिली. इतके वैभव असलेल्या लोकांत मुले उपाशी कशी राहतात, याचे त्याला नवल वाटले. मिळालेल्या पैशांतला बराचसा भाग त्याने अशा मुलांना वाटून टाकला. परत आल्यावर तो ग्रँड नदीकाठी लाकडी घरात राहिला, शेती करू लागला, आणि आपल्या मुलांना त्याने लिहिणे-वाचणे शिकण्यास शाळेत पाठवले. उरलेली जमीन विकण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला मात्र त्याने विरोध केला. तथापि १८८९ साली लाकोटांचा राखीव मुलूख तोडून त्याचे सहा लहान तुकडे करण्यात आले, आणि शिधाही कमी झाला.

निराश झालेल्या लोकांत १८९० साली एक नवे नृत्य पसरले. ते नाचल्याने मेलेले पूर्वज आणि बायसनचे कळप परत येतील, असे त्यांना सांगण्यात आले होते. सिटिंग बुल त्या पंथाचा प्रणेता नव्हता. परंतु दुःखी लोकांना त्यापासून अडवणे त्याला योग्य वाटले नाही. अधिकाऱ्यांना भीती वाटली आणि त्यांनी त्याच्या अटकेचा हुकूम काढला. १५ डिसेंबर १८९० रोजी पहाटे लाकोटा जमातीचेच पोलीस त्याच्या घरी आले. गर्दी जमली, झटापट झाली, गोळ्या सुटल्या. सिटिंग बुल जागीच ठार झाला. त्याचा मुलगा क्रो फूट, कित्येक अनुयायी आणि काही पोलीसही मारले गेले. एकाच रक्ताची माणसे एकमेकांच्या हातून मेली. दोनच आठवड्यांनी वुंडेड नी येथे सैन्याने शेकडो लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली.

सिटिंग बुल गेला, तरी त्याने जपलेली गोष्ट नाहीशी झाली नाही. काही पशुपालकांनी बायसनची थोडी वासरे पकडून सांभाळली होती. यलोस्टोनच्या दऱ्यांतही दोन डझनांच्या आसपास पशू जिवंत राहिले होते. अशा मोजक्या पशूंपासून संख्या पुन्हा वाढत गेली आणि आज अमेरिका खंडात बायसन काही लाख आहेत. २०१६ साली अमेरिकेने त्याला आपला राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून घोषित केले. ब्लॅक हिल्स बळकावणे अन्यायाचे होते, असे तेथील सर्वोच्च न्यायालयानेच १९८० साली मान्य केले आणि भरपाईची रक्कम ठरवली. परंतु पवित्र भूमीचे मोल पैशात होत नाही, असे मानून लाकोटांनी ती रक्कम स्वीकारली नाही. लाकोटांच्या राखीव मुलखांत आता त्यांचे स्वतःचे बायसनचे कळप चरतात. तेथील मुलांना वडीलधारी माणसे कळपाजवळ नेतात, शिकार झाल्यावर मांस कसे वाटावे हे शिकवतात, आणि ते वाटताना म्हातारी माणसे व गरजू कुटुंबे यांचा वाटा अजूनही पहिला काढतात.